टिपिंगची रॉकेलगाडी

मॉरीन हॅकेटच्या घरात दोन संसार होते. एक तिचा, स्वयंपाकघरातला. दुसरा तिच्या नवऱ्याचा, गॅरेजमधला. आणि गॅरेजमधली ती सवत तिला माहेराहूनच मिळालेली होती, त्यामुळे तक्रार करायची तरी कोणाकडे?

सवत म्हणजे एक जुनी मॉरिस गाडी. पुढे दोन माणसांची केबिन, मागे लाकडी हौदा, हौद्यात टाकी आणि टाकीला पितळी तोटी. मॉरीनचे वडील हर्बर्ट टिपिंग या गाडीतून लंडनच्या आग्नेय टोकाला, प्लमस्टेडच्या चढउतारांवर दारोदार रॉकेल विकायचे. तेव्हा तिथल्या घराघरात हिवाळाभर रॉकेलची शेगडी पेटलेली असायची; जिन्यात, न्हाणीघरात, म्हाताऱ्यांच्या पायांशी. शनिवारी शाळा नसली की छोटी मॉरीन वडिलांशेजारी बसून घंटा वाजवायची आणि बायका डबे घेऊन दारात यायच्या. "टिपिंगची पोरगी आली गं!" असं एकीने दुसरीला ओरडून सांगितलं की मॉरीनला राणीच्या रथात बसल्यासारखं वाटायचं. राणीच्या रथाला रॉकेलचा वास येत नसावा. मॉरीनला यायचा. वर्गातल्या मुली नाक धरायच्या. त्यातल्या एकीचं नाक एकदा मॉरीननेच धरलं, ते सोडवायला बाईंना यावं लागलं.

पुढे भिंतीभिंतीतून गरम पाण्याच्या नळ्या खेळू लागल्या आणि रॉकेलाला कोणी विचारेना. गाडी परसात ताडपत्रीखाली गेली, काही वर्षांनी हर्बर्ट मातीखाली गेले. आईने गाडी मॉरीनला दिली. गाडी मॉरीनची झाली, म्हणून साहजिकच क्लाइव्हची झाली.

क्लाइव्ह हॅकेटने जन्मभर नगरपालिकेच्या पार्किंग खात्यात नोकरी केली. दुसऱ्यांच्या गाड्यांवर दंडाच्या चिठ्ठ्या चिकटवून निवृत्त झालेल्या माणसाला गाड्यांविषयी एवढं प्रेम कुठून आलं, हे कोडं मॉरीनला कधी सुटलं नाही. पश्चात्ताप म्हणावा तर तो शब्द क्लाइव्हच्या घराण्यात कोणी ऐकलेला नव्हता. ते काही असो, तो गॅरेजमध्ये शिरला आणि वर्षानुवर्षं शिरलेलाच राहिला. जेवायला तेवढा बाहेर यायचा.

गाडी पुन्हा उभी करण्यात मॉरीनचा वाटा काहीच नव्हता, असं जुन्या गाड्यांच्या मंडळातले लोक मानत. तिने फक्त मुरंब्याच्या पातेल्यात स्प्रिंगा उकळल्या होत्या. रविवारच्या भाजलेल्या मांसाशेजारी ओव्हनमध्ये इंजिनचे रंगवलेले भाग वाळवले होते, आणि त्या रविवारी मांसाला जो स्वाद आला तो गिळलाही होता. पितळेची तोटी, दिव्यांच्या कडा, भोंगा हे सगळं दर पंधरवड्याला घासायचं काम तिचं. बाकी सगळं क्लाइव्हने एकट्याने केलं. हे पाहुणे येत, गाडीभोवती प्रदक्षिणा घालत, "कमाल आहे हॅकेट तुझी," म्हणत आणि मग मॉरीनकडे वळून विचारत, "चहा मिळेल का?"

मॉरीन शाळेच्या खानावळीत नोकरी करून निवृत्त झाली होती. शेकडो पोरांच्या ताटात कुटलेला बटाटा वाढताना ती एक गोष्ट शिकली होती. सूचना एकदाच द्यायची. ज्याने ऐकली त्याला वाटाणे मिळतील, ज्याने नाही ऐकली त्याला कोबी मिळेल. घरातही तिचा हाच नियम होता. क्लाइव्हने आयुष्यात पुष्कळ कोबी खाल्ला.

क्लाइव्हच्या मनात एकच इच्छा होती. दर जुलैत लंडनच्या जुन्या शहरात, गिल्डहॉलच्या अंगणात, गाड्या डागण्याचा सोहळा होतो. शहरात माल वाहायचा तर गाडीवर गाडीवानांच्या कंपनीचा डाग हवा, डाग नसेल तर दंड, हा तिथला शतकांपूर्वीचा कायदा. आता कायद्याला कोणी विचारत नाही, पण डागणं चालूच आहे. लाल झगा घातलेले कंपनीचे मास्टर तापवलेली लोखंडी खूण गाडीवरच्या लाकडी फळीवर दाबतात, धूर निघतो, लॉर्ड मेयर टाळ्या वाजवतात, आणि मग सगळे जेवायला जातात. त्या धुरासाठी माणसं बायकोचा वाढदिवस विसरतात. क्लाइव्ह लग्नाचाही विसरायचा.

मंडळाचा चिटणीस रॉडनी फिंच हा आपली जुनी बस घेऊन तिथे दोनदा जाऊन आला होता, आणि ही गोष्ट तो हवापाण्याच्या गप्पांतही घुसवायचा. "पाऊस येणारसं दिसतंय. आम्ही गिल्डहॉलला गेलो होतो तेव्हाही असंच होतं." क्लाइव्ह तेव्हा उठून गॅरेजमध्ये जायचा.

त्या वर्षी वसंतात क्लाइव्हला बोलावणं आलं.

त्या दिवशी त्याने मॉरीनला स्वतः चहा करून दिला. तेव्हाच तिला समजायला हवं होतं.

"मो, गाडी रंगवायला हवी," तो म्हणाला.

"हवीच. दारावरचं नाव पार गेलंय. बाबांची अक्षरं पिवळी होती, भोवती लाल काठ. माझ्याकडे फोटो आहे."

क्लाइव्हने साखर ढवळली. तो साखर घेत नसे.

"मी काय म्हणतो, नाव जरा वेगळं घातलं तर?"

"वेगळं म्हणजे?"

"अगं, लॉर्ड मेयर असतात तिथे. मोठमोठ्या दारूभट्ट्यांच्या घोडागाड्या असतात. वाफेवरचे ट्रक असतात. त्यात आपण काय म्हणून जायचं? रॉकेलवाला?"

"रॉकेलवालाच होते ते."

"ते होते गं. मी नाही ना!"

हे मात्र खरं होतं. क्लाइव्हच्या हातून रॉकेलच काय, साधं दूधही कधी कोणाच्या दारात पोचलं नव्हतं.

पुढचा बेत रॉडनीने येऊन तिच्याच स्वयंपाकघरात, तिच्याच टेबलाशी बसून ठरवला. गाडी चहाच्या व्यापाऱ्याची करायची. कुठल्या व्यापाऱ्याची? खऱ्याचं नाव घेतलं तर वारस भांडायला यायचे, म्हणून खोटाच काढायचा. टेबलावर मॉरीनचा चहाचा डबा होता, त्याकडे बघत बघत त्यांनी पेंबर्थी आणि पुत्र जन्माला घातले.

"राजघराण्याचे पुरवठादार," क्लाइव्ह म्हणाला. त्याचे डोळे ओलावले होते.

"राजाचं नाव नको, पकडतील," रॉडनी म्हणाला. तो पूर्वी वकिलाच्या कचेरीत होता. "उमरावांच्या पसंतीचे, एवढं लिही. उमराव कोर्टात जात नाहीत, त्यांना स्वतःचीच भीती असते."

"आणि टाकी? तोटी?" मॉरीनने विचारलं.

"टाकी काढून ठेवू. हौद्यात चहाच्या पेट्या रचू."

"आणि माझे वडील? त्यांना पेटीत भरणार, की काढून ठेवणार?"

रॉडनी बशीतलं बिस्किट निरखू लागला. क्लाइव्ह हसला, जसा तो नेहमी हसायचा, म्हणजे समोरचा विनोद करतोय असं गृहीत धरून. "मो, हर्बर्टना काय फरक पडतोय आता? माणूस साधा होता गं तुझा बाप. त्यांना आवडलंच असतं, आपली गाडी एवढी थाटाची झालेली."

"त्यांचं नाव दारावर हवं," मॉरीन म्हणाली. एकदाच म्हणाली.

गाडीला हिरवा रंग लागला. दारांवर सोनेरी, वेलबुट्टीदार अक्षरांत पेंबर्थी आणि पुत्र आले. रंगाऱ्याने पिवळ्या अक्षरांची उरलीसुरली खूणही खरवडून काढली. मॉरीन तेव्हा कपडे वाळत घालत होती. खरवडण्याचा आवाज थांबेपर्यंत ती एकच उशीचा अभ्रा झटकत राहिली. त्या दिवसापासून तिने तोटी घासणं बंद केलं. तशीही ती आता गॅरेजच्या कोपऱ्यात टाकीशेजारी जुन्या चादरीखाली पडली होती.

मग फळीचा प्रश्न आला. डाग ज्यावर उठवायचा ती फळी गाडीवाल्याने स्वतः आणायची असते. कंपनीने कळवलं होतं, लाकूड कोरं असावं, वॉर्निश लावू नये. क्लाइव्हने दुकानातून एक छान ओकचा तुकडा आणला. रॉडनीने तो हातात घेऊन बघितला आणि परत दिला.

"दुकानचं दिसतंय," एवढंच म्हणाला.

"दुकानचंच आहे."

"नाही, चालतं की. लोक आणतात दुकानचं. माझी फळी बसच्या मूळच्या तळाची होती, पण ते माझं झालं."

क्लाइव्ह त्या रात्री नीट जेवला नाही, आणि सकाळी उठून त्याने बागेतल्या खोपटात खुडबूड सुरू केली. तिथे मूळ हौद्याची एक फळी होती. तोटीच्या थेट खाली बसवलेली. बाकीचा हौदा कुजून गेला तरी ही राहिली, कारण वर्षानुवर्षं डबे भरताना सांडलेलं रॉकेल पिऊन पिऊन तिच्यात किडा शिरायला धजला नव्हता. मॉरीनच्या आईने ती मेणकापडात घट्ट गुंडाळून दिली होती, मॉरीनने ती तशीच ठेवली होती. कधी कधी एकटी असली की ती मेणकापडाचं टोक उघडून वास घ्यायची आणि पुन्हा बंद करायची. हे तिने कोणाला सांगितलेलं नव्हतं. साठी उलटलेल्या बाईने खोपटात बसून रॉकेल हुंगावं, ही काही सांगत सुटायची गोष्ट नव्हे.

ती बाजारातून परतली तेव्हा करवत चालू होती.

"क्लाइव्ह! ती कापू नकोस!"

"कापली," क्लाइव्ह आनंदाने म्हणाला. "एवढासाच तुकडा घेतलाय. उरलेली आहे की अख्खी. बघ ना, अस्सल मूळ लाकूड! रॉडनीच्या तोंडावर मारतो आता."

मॉरीनने पिशव्या खाली ठेवल्या. तिला रडू येईल असं वाटलं, पण आला तो राग, आणि रागाबरोबर तो वास आला. कापलेल्या कडेतून नुसता भपकारा सुटला होता. क्लाइव्हला अर्थातच काही येत नव्हतं. इतकी वर्षं बंद गॅरेजमध्ये रंग फवारून त्याचं नाक कामातून गेलं होतं. दूध नासलंय का हेसुद्धा तो मॉरीनला विचारायचा.

"याला वास येतो हं," ती म्हणाली.

"जुन्या वस्तूंना वास असायचाच."

तिने पुन्हा सांगितलं नाही. सांगायला हवं होतं का? तिच्या धाकट्या बहिणीने नंतर हाच प्रश्न विचारला, तेव्हा मॉरीन म्हणाली, "मी कुठे काय लपवलं? नवरा आहे माझा, विचारलं असतं तर दुसऱ्यांदाही सांगितलं असतं." क्लाइव्हने विचारलं नाही. त्याने फळीला वॉर्निश लावलं नाही, कारण नियम म्हणजे नियम. त्याने तिला जवसाचं तेल मात्र दोन-चार वेळा चोळलं, चकाकी यावी म्हणून. नियमात तेलाचा उल्लेख नव्हता.

सोहळ्याच्या सकाळी क्लाइव्ह तपकिरी डगला आणि गळ्यात ठिपक्यांचा बो घालून तयार झाला. पेंबर्थींचा नोकर म्हणून. मॉरीनसाठी त्याने मंडळातल्या कोणाकडून तरी एक पिसांची टोपी आणली होती. टोपी गाडीच्या वीस-पंचवीस वर्षं आधीची होती, आणि त्यातलं पीस बहुधा त्याच्याही आधीचं.

"हे काय?"

"तू गिऱ्हाईक. उमरावीण."

"उमरावीण चहाच्या गाडीत पुढे बसून फिरते?"

"मो, आज तरी फाटे फोडू नकोस."

तिने टोपी मांडीवर घेतली आणि डोक्याला आपला नेहमीचा रुमाल बांधला. गाडी सुरू झाली. लहानपणी बसायची तीच जागा, तीच खिडकी, पायाखाली तोच हादरा. फक्त शेजारी दुसरा माणूस, आणि दारावर कधीच जन्माला न आलेला. नदी ओलांडताना लोक हात हलवत होते. पदपथावरची एक बाई दारावरचं नाव वाचून बरोबरच्या म्हातारीला म्हणाली, "पेंबर्थी! आठवतो ना गं तुला त्यांचा चहा?" म्हातारीने मान डोलावली. क्लाइव्हची छाती फुगली. मॉरीनने डोळे मिटून घेतले. बापाला या शहराने एका पिढीत विसरून टाकलं होतं, आणि जो नव्हताच तो म्हातारीला आठवत होता.

अंगणात गर्दी होती. पुढे दारूभट्टीची घोडागाडी, तिच्यामागे वाफेचा ट्रक, मग शहराचा कचऱ्याचा कोराकरकरीत ट्रक, कारण डाग सगळ्यांनाच मिळतो. मग क्लाइव्ह. रॉडनी या वर्षी नुसताच पाहुणा होता, पण दोरीच्या अगदी कडेला उभा होता, मुंजीत मामा उभा असतो तसा. एका मंचावरून कर्ण्यातून प्रत्येक गाडीची माहिती सांगितली जात होती. सांगणाऱ्याचा आवाज असा होता की कचऱ्याच्या ट्रकबद्दल ऐकतानाही ऊर भरून यावा.

"आणि आता येत आहेत," कर्णा म्हणाला, "पेंबर्थी आणि पुत्र! उमरावांच्या पसंतीचे चहाचे व्यापारी! या नाजूक गाडीने मेफेअरच्या हवेल्यांमध्ये दार्जिलिंगचा सुगंध पोचवला!"

टाळ्या पडल्या. मॉरीनने खिडकीची काच खाली केली, तिला घुसमटल्यासारखं होत होतं.

मास्टर पुढे आले. लाल झगा, हातात कातड्याचा जाड मोजा. चोपदाराने शेगडीतून लालबुंद लोखंड काढून त्यांच्या हाती दिलं. फळी गाडीच्या बाजूला, मॉरीनच्या खिडकीखालीच ठोकलेली होती. लॉर्ड मेयर हातभर अंतरावर उभे होते. मास्टरांनी लोखंड फळीवर टेकवलं.

आधी धूर आला, नेहमी येतो तसा. मग तो काळा झाला. मग भप्पकन आवाज झाला आणि फळीने पेट घेतला. ज्वाळा मास्टरांच्या टोपीपर्यंत गेली. लॉर्ड मेयर त्यांच्या पदाला शोभणार नाही इतक्या चपळाईने मागे सरले. घोडे फुरफुरले. चोपदाराने बाजूची बादली उचलून फळीवर ओतली. त्यातलं निम्मं पाणी मॉरीनच्या मांडीवरच्या उमराविणीच्या टोपीवर पडलं. आग विझली, आणि मग तो वास आला.

सगळ्या अंगणभर आला. ज्यांचं बालपण या शहरात थंडीत गेलं होतं, त्या प्रत्येक पिकल्या डोक्याने एकदम नाक वर केलं.

"मिस्टर पेंबर्थी," कर्णा म्हणाला, "हा नेमका कुठल्या मळ्यातला चहा?"

अंगण हसून हसून लोळायचं बाकी राहिलं. रॉडनीचे तर डोळे पुसून होईनात. क्लाइव्ह स्टिअरिंगचं चाक घट्ट धरून समोर बघत होता. त्याच्या बोची एक बाजू खाली आली होती.

मास्टरांनी जळक्या फळीचा वास घेतला, पुन्हा घेतला. "आमच्या आजीच्या जिन्यात अस्साच वास यायचा," ते हळूच म्हणाले. मग क्लाइव्हला विचारलं, "काय वाहायचात हो तुम्ही यात?"

"ते... वंगण... गाडी जुनी आहे ना," क्लाइव्ह म्हणाला. "म्हणजे चहाच. मुख्यतः चहा."

मॉरीन बोलली नसती तरी चाललं असतं. लोक हसून पांगले असते, चोपदाराने दुसरी फळी लावली असती, पेंबर्थी आणि पुत्रांच्या नावाचा डाग उठला असता, आणि घरी जाऊन क्लाइव्ह आठवडाभर फुगून बसला असता. तिने या संसारात अशा कितीतरी गोष्टी मिटवल्या होत्या. मिटवणं तिला श्वासासारखं यायचं. पण दारावरचं ते खरवडणं अजून तिच्या कानात होतं.

"रॉकेल," ती खिडकीतून म्हणाली.

"काय म्हणालात बाई?"

"रॉकेल वाहायचे. चहा नाही, चहाची पत्तीसुद्धा नाही. माझ्या वडिलांची गाडी आहे ही. हर्बर्ट टिपिंग, प्लमस्टेड. ही जागा माझी होती, मी घंटा वाजवायचे."

"मो!" क्लाइव्ह दातांतून म्हणाला.

"तू गप रे. पेंबर्थींचा नोकर ना तू? मग मालकांना विचारून बोल."

दोरीजवळची माणसं पुन्हा हसली, पण आता हसणं क्लाइव्हच्या बाजूला वळलं होतं. चोपदार मास्टरांच्या कानाशी लागला. तो नियमाचा माणूस होता. "जे पुकारलं गेलं, तेच डागायचं, मास्टर. पुकारलंय पेंबर्थी. पेंबर्थींची गाडी नसेल तर डाग देता येणार नाही. परत पाठवावी."

क्लाइव्हचा चेहरा असा झाला की तिला पहिल्यांदाच त्याची कीव आली. खोटा होता, भपकेबाज होता, पण या धुरासाठी त्याने हाडं झिजवली होती, आणि ती गॅरेजच्या दारात उभी राहून ते बघत आली होती. ती काय करून बसली होती? बापाचं नाव तर मिळवलं नव्हतंच, नवऱ्याचा डागही घालवला होता.

मास्टरांनी गाडीकडे बघितलं, मग मॉरीनच्या रुमालाकडे.

"मग पुन्हा पुकारा," ते म्हणाले.

"पण असं कधी..."

"चोपदार, चुकीची गाडी डागू नये असा नियम आहे. बरोबर गाडी दुसऱ्यांदा पुकारू नये असा आहे का?"

चोपदाराने विचार केला. तसा नव्हता. त्याने मंचाकडे जाऊन सांगितलं, आणि येताना कोऱ्या लाकडाचा तुकडा घेऊन आला. दर वर्षी एखादा तरी फळी घरी विसरून येतो, म्हणून ते तुकडे ठेवतातच.

कर्णा खाकरला. "आणि आता येत आहेत," त्याच भरल्या आवाजात तो म्हणाला, "हर्बर्ट टिपिंग, प्लमस्टेड! रॉकेलवाले!"

एवढंच. त्याला आणखी काही माहीतच नव्हतं. पण टाळ्या अशा पडल्या की घोडे पुन्हा बिचकले. गर्दीतल्या कोणा म्हातारीने आरोळी ठोकली, "अरे, आमच्या दारी दोन डबे!" मास्टरांनी लोखंड टेकवलं, पांढरा, शहाणा धूर निघाला आणि डाग उठला. मॉरीनने रुमालाचं टोक डोळ्यांना लावलं. धुरामुळे, असं तिने नंतर सांगितलं. जळकी फळी तिने चोपदाराकडून मागून घेतली आणि पायाशी ठेवली.

जेवणाच्या दालनात जाईपर्यंत क्लाइव्ह एक अक्षर बोलला नाही. तिला वाटलं, आता हा जन्मभर बोलणार नाही, आणि त्या विचाराने तिला हवं तेवढं वाईट वाटेना. पण सुंभ जळला तरी पीळ जात नाही. टेबलाशी त्यांच्या समोर मास्टर आणि त्यांची पत्नी होती, बाजूला रॉडनी. थंड सामन मासा आणि बटाटे वाढून झाले, आणि मास्टरांच्या पत्नीने सहज विचारलं, "फळी मुद्दाम तशी लावली होतीत का हो?"

क्लाइव्हने काटा उचलला, बो सरळ केला.

"खरं सांगायचं तर," तो म्हणाला, "ती मूळच्या हौद्याची फळी. माझ्या सासऱ्यांच्या हातची. म्हटलं, या सोहळ्यात त्यांचंही काहीतरी असावं."

रॉडनीच्या घशात बटाटा अडकला. मॉरीनने नवऱ्याकडे बघितलं. त्याच्या चेहऱ्यावर खोटेपणाचा मागमूस नव्हता. बोलता बोलता त्याला ते पटलं होतं. मासा संपेपर्यंत हर्बर्ट टिपिंग प्लमस्टेडचे रॉकेलसम्राट झाले होते. बटाटे संपले तेव्हा ते एका कडाक्याच्या हिवाळ्यात कमरेएवढ्या बर्फातून गाडी घेऊन गेले होते, आणि शेजारी, कसा कोण जाणे, क्लाइव्हही बसलेला होता.

"त्या हिवाळ्यात तू मला भेटलाही नव्हतास," मॉरीन म्हणाली.

"भावना तीच, मो." मग मास्टरांकडे वळून, छातीवर हात ठेवून तो म्हणाला, "दारावर त्यांचंच नाव घालायचं, हे तर माझ्या मनात पहिल्यापासून आहे."

मॉरीनने सुरी खाली ठेवली.

"कधी?"

"काय कधी?"

"नाव कधी घालतोयस?"

"अगं, घालूच की. या उन्हाळ्यात."

"उन्हाळा चालूच आहे. मास्टर, तुमच्याकडे उन्हाळा कधी संपतो?"

"आमच्याकडे तो अजून सुरू झाल्याची खात्री नाही," मास्टर म्हणाले.

"मग आपण दिवसच ठरवू."

क्लाइव्हने डोळ्यांनी तिला गप्प राहायला सांगितलं. तिने डोळ्यांनी ते ऐकलं नाही. "माझा रंगारी गुरुवारी मोकळा आहे," रॉडनी म्हणाला. मित्राला चिमटा बसत असेल तर रॉडनी कुठलीही मदत करायला तयार असे.

"गुरुवारी..." क्लाइव्ह म्हणाला.

"गुरुवारी काय आहे तुझं?"

"काही नाही तसं."

"तर मग गुरुवार," मास्टर म्हणाले आणि त्यांनी पेला उचलला. त्यांच्या पत्नीनेही उचलला. क्लाइव्हलाही उचलावा लागला. "आणि लिहिणार काय?"

"एच. टिपिंग, प्लमस्टेड. रॉकेल घरपोच. पिवळी अक्षरं, लाल काठ," मॉरीन म्हणाली.

"आणि खाली," क्लाइव्ह घाईने म्हणाला, "अगदी बारीक, 'क्लाइव्ह हॅकेट यांनी जीर्णोद्धार केला.'"

"बारीक म्हणजे केवढं?"

"बारीक गं. कोणाच्या डोळ्यात येणार नाही असं."

मॉरीनने विचार केला. केलं होतं त्याने, नाही कसं म्हणावं. "चष्मा लावून वाकून वाचता येईल एवढं घाल," ती म्हणाली.

घरी दिलेला शब्द क्लाइव्हने कधी पाळला नव्हता. मॉरीनच्या स्वयंपाकघरात असे शब्द फोडणीला टाकावेत इतके पडून होते. पण परक्या माणसांसमोर, आणि त्यातही लाल झग्यासमोर, दिलेला शब्द मोडण्याची त्याची छाती नव्हती. इतकी वर्षं संसार करून ही गोष्ट आपल्या आधीच कशी लक्षात आली नाही, याचं मॉरीनला नवल वाटलं. किती गोष्टी तिने जेवायला चार माणसं बोलावून मार्गी लावल्या असत्या!

वाढपी स्ट्रॉबेरी आणि साय घेऊन आला. क्लाइव्ह मास्टरांच्या पत्नीला हर्बर्टच्या घंटेबद्दल सांगू लागला, ती घंटा चांदीची होती असं. मॉरीनने त्याचं बोलणं थांबवलं नाही. तिने मंडळाच्या पुढच्या बैठकीला आपल्या घरी कोणाकोणाला बोलवायचं, याचा विचार सुरू केला होता. स्वयंपाकघराचं छत तीन वर्षांपासून गळत होतं.